होस्टेलवर सर्दी-ताप: आधीची तयारी, आजारपणाचे दिवस आणि डॉक्टरकडे कधी जायचं

घरी ताप आला की कपाळाला हात लावून बघणारं कोणीतरी असतं. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या किंवा कॉलेजच्या होस्टेलवरच्या मुलामुलींना ते मिळत नाही. रूममेट सकाळी सातला लेक्चरला जातो, मेसवाल्या काकू डबा दारात ठेवून जातात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तब्येत सुधारतेय की बिघडतेय हे बघायला खोलीत दुसरं माणूस नसतं. तरुण वयात सर्दी बहुतेकदा आपोआप जाते, फ्लूही जातो. पण ज्या थोड्या जणांचं दुखणं बळावतं त्यांच्या बाबतीत उशीर होतो तो याच कारणाने. म्हणून खाली तयारी आधी दिली आहे आणि औषधं नंतर. पुण्याला नजरेसमोर ठेवून लिहिलंय, पण छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर किंवा नागपूरच्या होस्टेलवरही चित्र फार वेगळं नाही.

पायरी १: झालंय काय ते ओळखा

साधी सर्दी हळूहळू येते. आदल्या दिवशी घसा खवखवतो, दुसऱ्या दिवशी नाक गळतं, मग चोंदतं, शिंका येतात. ताप नसतो किंवा थोडी कणकण असते. माणूस वैतागतो, पण चालता-फिरता असतो. सर्दी करणारे विषाणू दोनशेहून जास्त आहेत, त्यात रायनोव्हायरस सगळ्यात नेहमीचा. सात ते दहा दिवसांत सगळं निवळतं.

फ्लू अंगावर कोसळतो. दुपारी ठीक असलेला माणूस रात्री तापाने फणफणलेला असतो. अंग मोडून येतं, डोकं ठणकतं, कोरडा खोकला लागतो, अंथरुणातून उठवत नाही. ताप सहज १०१ ते १०३ फॅरनहाइटपर्यंत जातो आणि तीन-चार दिवस राहू शकतो. थकवा त्यानंतरही आठवडा-दोन आठवडे पुरतो. कोविडही आता असाच दिसू शकतो. नुसत्या लक्षणांवरून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत, पण खोलीत घ्यायची काळजी सारखीच आहे.

आपल्याकडे तिसरी शक्यताही नेहमी डोक्यात ठेवावी लागते. जुलै ते ऑक्टोबर या काळात पुण्या-मुंबईत डेंग्यू आणि मलेरियाही असतो. जोरदार ताप आहे, अंग दुखतंय, डोळ्यांच्या मागे दुखतंय, पण नाक गळत नाही, खोकला नाही, घसाही ठीक आहे, तर त्याला फ्लू समजून पडून राहू नका. दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांना दाखवा, ते रक्त तपासायला सांगतील. साचलेल्या पाण्यातून चालत गेला असाल तर तेही आठवणीने सांगा, कारण अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची सुरुवातही अशीच तापाने आणि अंगदुखीने होते.

पायरी २: पावसाळ्याआधी लस

थंड देशांत फ्लू हिवाळ्यात येतो. महाराष्ट्रात त्याचा मोठा भर पावसाळ्यात आणि त्याला लागून असतो, आणि वर्षाच्या सुरुवातीला, साधारण जानेवारी ते मार्च, आणखी एक लाट येते. पावसाळ्यात कॉलेज नुकतंच सुरू झालेलं असतं, सगळ्या गावांहून मुलं आलेली असतात, पावसामुळे खिडक्या बंद असतात आणि पाठोपाठ गणपतीची गर्दी येते.

पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला आणि तो एका शाळकरी मुलीचा होता. शाळा-कॉलेजं बंद ठेवावी लागली, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. तोच एच१एन१ आज हंगामी फ्लूमध्ये मिसळून गेलाय, दरवर्षी कमी-जास्त प्रमाणात फिरतो, आणि वार्षिक लसीत त्याचाही समावेश असतो.

लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलत राहतो आणि मिळालेलं संरक्षणही काही महिन्यांत ओसरतं. घेतल्यावर परिणाम यायला दोन आठवडे लागतात. म्हणून मे अखेर किंवा जूनची सुरुवात ही आपल्याकडे चांगली वेळ. खासगी दवाखान्यात ती विकत घ्यावी लागते, आधी फोन करून किंमत आणि उपलब्धता विचारा. लस घेतल्यावरही फ्लू होऊ शकतो, पण तो गंभीर होण्याची शक्यता बरीच कमी होते. तुम्हाला दमा असेल, लहानपणापासून मधुमेह असेल, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल, तर हा खर्च टाळू नका. बाकीच्यांनी खिसा बघून ठरवावं. माझं मत विचाराल तर शेवटच्या वर्षाला असणाऱ्यांनी आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी घ्यावीच. फ्लूमध्ये अभ्यासाचे दहा दिवस आरामात जातात.

पायरी ३: तब्येत चांगली असतानाच एक पिशवी भरून ठेवा

ताप आल्यावर चार मजले उतरून मेडिकलपर्यंत जाणं जिवावर येतं. म्हणून या वस्तू कपाटात आधीच असू द्या:

- डिजिटल थर्मामीटर. ही सगळ्यात महत्त्वाची वस्तू. "ताप आल्यासारखं वाटतंय" यावर कुठलाही निर्णय घेता येत नाही.
- पॅरासिटामॉलच्या गोळ्यांची एक पट्टी
- ओआरएसची चार पाकिटं
- मीठ, मध, सुंठ किंवा आलं
- पाच-सहा मास्क, साबण, कागदी रुमाल
- मेतकूट, मऊ भातासाठी थोडे तांदूळ आणि मुगाची डाळ (खोलीत शिजवायची परवानगी असेल तर)

चौघांनी मिळून एक पल्स ऑक्सिमीटर घेतला तर उत्तम. कोविडच्या काळात घेतलेला अनेकांच्या घरी धूळ खात पडलाय, पुढच्या वेळी गावाहून येताना तो उचलून आणा.

पिशवीइतकीच महत्त्वाची एक चिठ्ठी आहे. तिच्यावर जवळच्या एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरांचं नाव, वेळ आणि फोन, रात्री उघडं असणारं जवळचं रुग्णालय, रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक, वॉर्डनचा किंवा घरमालकांचा नंबर, घरचा नंबर, तुमचा रक्तगट आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती, एवढं लिहा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. फोन लॉक असला तरी रूममेटला ती सापडेल. विद्यापीठाचं किंवा कॉलेजचं आरोग्य केंद्र असेल तर ते कधी उघडं असतं हे पहिल्याच महिन्यात विचारून ठेवा. बहुतेकांना ते कुठल्या इमारतीत आहे हेसुद्धा माहीत नसतं.

आणि एक जोडीदार ठरवा. "तू आजारी पडलास तर मी दिवसातून दोनदा डोकावेन, मी पडलो तर तू." एवढं एक वाक्य आधी बोलून ठेवलेलं असलं की आजारपणात मदत मागायचा संकोच राहत नाही.

पायरी ४: लागण कशी होते आणि कुठे अडवता येते

फ्लूचा विषाणू खोकल्या-शिंकेतून, बोलतानाही, हवेत उडणाऱ्या बारीक थेंबांमधून पसरतो आणि हातांवरून नाका-डोळ्यांपर्यंत जातो. लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून ते पुढे पाच-सात दिवस माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. म्हणजे आजारी दिसणाऱ्यापासून लांब राहणं पुरेसं नाही. काही सवयी कायमच्याच हव्यात.

पहिली सवय हवेची. विद्यार्थ्यांच्या दिवसातली सगळ्यात धोक्याची जागा माझ्या मते मेस किंवा वर्ग नव्हे, तर अभ्यासिका. खिडक्या बंद, एसी सुरू, हाताला हात लागेल इतक्या जवळ टेबलं, आणि त्यात आठ-दहा तास बसायचं. एकाला खोकला झाला की आठवड्यात अख्खी रांग खोकत असते. अभ्यासिका चालवणाऱ्यांकडे सगळ्यांनी मिळून दर तासा-दोन तासांनी दहा मिनिटं खिडक्या उघडायची मागणी करा. जागा निवडता येत असेल तर खिडकीजवळची घ्या. खोलीतही पाऊस असला तरी समोरासमोरची दारं-खिडक्या थोडी फटीने उघडी ठेवा. ओले कपडे शक्यतो खोलीत वाळत घालू नका, त्याने भिंतींना बुरशी धरते आणि दम्याच्या लोकांचा खोकला वाढतो.

दुसरी सवय पाण्याची. आपल्याकडे बाटलीला तोंड न लावता वरून पाणी पिण्याची जुनी रीत आहे आणि होस्टेलवर ती सोन्यासारखी आहे. क्रिकेट खेळून आल्यावर एकच बाटली सात जणांच्या तोंडाला लागते, एकाच कटिंगचे दोन घोट दोघं घेतात, सिगारेट हातोहात फिरते. त्यातलं बाटलीचं आणि चहाचं तरी लगेच बदलता येईल. टॉवेल, लिपबाम, इअरफोन यांचंही तसंच.

तिसरी सवय हात धुण्याची. जेवणाआधी आणि बाहेरून आल्यावर साबणाने वीस सेकंद. मेसमध्ये भाजीचा डाव सगळ्यांच्या हातातून जातो, तेव्हा वाढून घेतल्यावर हात धुणं हे वाढून घेण्याआधी धुण्याइतकंच गरजेचं आहे. बेसिनवर साबण नसेल तर मेसवाल्या काका-काकूंना सांगा, बहुतेक जण ऐकतात.

पावसात भिजल्याने सर्दी होते का? सर्दीला विषाणू लागतो, नुसत्या पाण्याने ती होत नाही. पण पावसात सगळे एका छताखाली दाटीने थांबतात आणि तिथे ती मिळते. भिजल्यावर कपडे बदलून डोकं पुसणं चांगलंच.

झोपेबद्दल मात्र ठाम पुरावा आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या शेल्डन कोहेन यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले आणि कोणाला सर्दी होते ते पाहिलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, आधीच्या दिवसांत सात तासांपेक्षा कमी झोपलेल्यांना सर्दी होण्याचं प्रमाण आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. सबमिशनच्या आठवड्यानंतर अर्धा वर्ग शिंकत का असतो याचं एक कारण इथे आहे. व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांवर पैसे घालवण्यापेक्षा एक तास जास्त झोपा. त्या गोळ्या रोज घेऊनही सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही.

पायरी ५: पहिले दोन दिवस

ताप मोजा आणि वेळेसकट फोनमध्ये लिहा. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्री. गोळी कधी घेतली तेही लिहा. हे आकडे डॉक्टरांना दाखवले की त्यांचं अर्धं काम होतं.

मग तीन जणांना कळवा: जोडीदाराला, वॉर्डनला किंवा घरमालकांना, आणि घरी. "आई काळजी करेल" म्हणून न सांगणारी मुलं खूप आहेत. आई काळजी करेल हे खरं, पण रोज संध्याकाळी तिचा फोन येईल आणि तुमचा आवाज कालपेक्षा बरा की वाईट हे तिला तुमच्याआधी कळेल. दूर असतानाची ही देखरेख खूप मोलाची आहे.

खोलीत दुसरे असतील तर खाटा शक्य तितक्या लांब करा, एकाची उशी दुसऱ्याच्या पायांकडे येईल अशा उलटसुलट झोपा, खिडकी उघडी ठेवा, आजारी माणसाने आणि त्याच्या जवळ जाणाऱ्याने मास्क लावा. रुमाल उशीखाली कोंबून ठेवू नका. वर्गात, अभ्यासिकेत, जिममध्ये जाऊ नका. अंगात ताप असताना व्यायाम करून घाम काढायची कल्पना धोक्याची आहे, हृदयाच्या स्नायूंवर ताण येऊ शकतो.

पाणी पीत राहा. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरतंय, गडद असेल तर कमी पडतंय. ओआरएसचं एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं. अर्धं पाकीट एका पेल्यात ढवळून पिऊ नका, प्रमाण चुकतं.

जेवणाची सक्ती नको, पण उपाशीही राहू नका. मऊ भात-मेतकूट-तूप, मुगाची खिचडी, तांदळाची पेज, गरम वरण हे सगळं पोटाला झेपतं. मेसला सकाळीच कळवलं तर बहुतेक काकू तिखट भाजीऐवजी खिचडी डब्यात देतात, मागायला मात्र हवी. घसा दुखत असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चारदा गुळण्या करा. खोकल्याला रात्री चमचाभर मध बरा. गवती चहा-आल्याचा काढा, हळदीचं दूध याने विषाणू मरत नाही, पण घशाला ऊब मिळते आणि पोटात द्रव जातो, तेवढ्यासाठी जरूर घ्या.

वाफेबद्दल सावध करायचंय. होस्टेलवर वाफ घेण्यासाठी बादलीत हीटरचा रॉड लावतात आणि त्याच बादलीवर टॉवेल घेऊन वाकतात. यात भाजण्याचा आणि शॉक बसण्याचा, दोन्ही धोके खरे आहेत. वाफेचा फायदा फार थोडा आणि तात्पुरता आहे. गरम पाण्याने अंघोळ करताना जी वाफ मिळते ती पुरे. नाक फारच चोंदलं असेल तर मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मिळतात, ते सुरक्षित आहेत. नाक झटक्यात मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब सलग तीन दिवसांवर वापरू नका, सोडल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि त्यांची सवय लागते.

पायरी ६: गोळ्या घेताना

तापाला आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल. ६५० मिलिग्रॅमची गोळी असेल तर दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. यकृताचा त्रास असेल किंवा दारू नियमित घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या तयार गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच. वर आणखी पॅरासिटामॉल घेतलं की नकळत दुप्पट डोस होतो आणि यकृताला इजा होऊ शकते. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. त्याच गोळ्यांमध्ये क्लोरफेनिरामाइनसारखं झोप आणणारं औषधही असतं. ते घेऊन गाडी चालवू नका, परीक्षेच्या सकाळीही नको.

पावसाळ्यात तापाचं कारण नक्की होईपर्यंत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन टाळा. ताप डेंग्यूचा निघाला तर या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. अठराच्या आतल्यांनी फ्लूमध्ये ॲस्पिरिन कधीच घेऊ नये.

अँटिबायोटिकबद्दल स्पष्टच बोलायला हवं. मेडिकलमध्ये जाऊन "सर्दी-तापाचं काहीतरी द्या" म्हटलं की अनेकदा पुडीत तीन-चार रंगांच्या गोळ्या येतात आणि त्यातली एक अझिथ्रोमायसिन असते. सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात, अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. इथे त्याचा काडीचा उपयोग नाही. दोन दिवसांनी बरं वाटतं ते आजार ओसरतो म्हणून. आणि गरज नसताना घेतलेल्या प्रत्येक गोळीने जिवाणू त्या औषधाला सरावतात, मग खरा न्यूमोनिया झाल्यावर तीच गोळी निरुपयोगी ठरते. मित्राच्या उरलेल्या पट्टीतली गोळी तर घेऊच नका.

फ्लूवरचं खरं औषध ओसेल्टामिव्हिर. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं, सगळ्यांना लागतही नाही, आणि लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. म्हणूनच दमा किंवा मधुमेह असलेल्यांनी "बघू दोन दिवस" म्हणत थांबायचं नाही, पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

पायरी ७: डॉक्टरकडे कधी, थेट रुग्णालयात कधी

ताप तीन दिवसांपुढे राहिला, १०३ च्या वर गेला आणि गोळीने उतरेना, घशात पाणीही गिळवेना, कान दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणखी एक खूण मुलं हमखास दुर्लक्षित करतात. ताप उतरतो, दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा ताप चढतो आणि खोकला वाढतो. फ्लूनंतर होणारा न्यूमोनिया पुष्कळदा असाच येतो. ही खूण दिसली की वाट बघू नका.

बसल्या जागी धाप लागणं, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त, ओठ किंवा नखं निळसर दिसणं, बोलताना गोंधळ किंवा गुंगी, सतत उलट्या, दिवसभरात लघवी जवळजवळ न होणं, ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा: यातलं एकही असेल तर क्लिनिकच्या वेळेची वाट न बघता थेट रुग्णालय. वाहन नसेल तर १०८. डेंग्यूची शंका असेल तर ताप उतरतानाच पोटात जोरात दुखणं आणि हिरड्यांतून रक्त येणं याकडे लक्ष ठेवा, धोक्याचा काळ तिथे सुरू होतो. पैशांसाठी थांबू नका, ससूनसारखी सरकारी रुग्णालयं रात्रीही उघडी असतात.

जोडीदाराने ही यादी वाचून ठेवायला हवी. गुंगीत असलेल्या माणसाला स्वतःची गुंगी कळत नाही.

पायरी ८: गावी जायचं का?

ताप आला की लातूरची, नांदेडची, जळगावची मुलं रात्रीच्या गाडीत बसतात. ओढ समजण्यासारखी आहे. पण पहिल्या तीन-चार दिवसांत तुम्ही सगळ्यात जास्त लागण देता, गाडीत आठ-दहा तास बंद खिडक्यांमागे चाळीस माणसं असतात, आणि घरी आजी-आजोबा असतात ज्यांना हाच फ्लू तुमच्यापेक्षा कितीतरी जड जातो. रस्त्यात तब्येत बिघडली तर मध्यरात्री कुठे उतरणार, हाही प्रश्न आहे. इथे जोडीदार आणि डॉक्टर असतील तर ताप उतरेपर्यंत थांबा. इथे खरोखर कोणीच नसेल तर घरच्यांपैकी कोणाला तरी बोलावून घ्या. जावंच लागलं तर मास्क लावून, खिडकीजवळ बसून, आणि घरी गेल्यावर आजीच्या खोलीत न झोपता.

हजेरीची धास्ती अनेकांना तापातही वर्गात नेते. पहिल्याच दिवशी वर्गशिक्षकांना छोटा मेल किंवा मेसेज करा, डॉक्टरांकडून तारखांसह प्रमाणपत्र घ्या आणि त्याचा फोटो जपून ठेवा. आजारपणानंतर महिन्याने मागितलेलं प्रमाणपत्र कोणी सहज देत नाही. प्रॅक्टिकल बुडणार असेल तर दुसऱ्या बॅचबरोबर करता येईल का हे तेव्हाच विचारा.

पायरी ९: परत वर्गात

तापाची गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप नसेल तर वर्गात जायला हरकत नाही. खोकला उरला असेल तर आणखी चार-पाच दिवस मास्क लावा. जिम आणि धावणं लगेच पूर्ण जोमाने सुरू करू नका, आधी चालून बघा, दम लागला किंवा छातीत धडधडलं तर थांबा. अभ्यासाचाही तसाच अंदाज घ्या, पहिल्या दिवशी दोन तास बसवलं तरी पुष्कळ.

फ्लूनंतरचा कोरडा खोकला दोन आठवडे रेंगाळू शकतो. त्यापुढेही तो थांबत नसेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर "फ्लूचाच खोकला आहे" असं समजू नका. होस्टेलच्या दाटीत क्षयरोगही पसरतो. सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होते, आणि क्षय निघालाच तर औषधंही मोफत मिळतात.